रोलचा भाव आणि रोलनंतरचा हिशेब

२००४ सालापर्यंत कराडमधल्या आमच्या स्टुडिओत लग्नाच्या ऑर्डरचा भाव रोलवर ठरत असे. साखरपुडा झाला की वधूपिता स्टुडिओत येत, तारीख आणि कार्यालयाचे नाव वहीत लिहिले जाई, आणि मग त्यांचा पहिला प्रश्न ‘किती रोल लागतील?’ हाच असे. छत्तीस फोटोंचा रोल, तो धुण्याचा खर्च, त्याच्या मॅक्सी प्रिंट, म्हणजे अल्बममध्ये लावायच्या मोठ्या मापाच्या प्रती, आणि त्यावर आमची मजुरी, असा सगळा मिळून एका रोलचा एकच आकडा आम्ही सांगत असू. मध्यम घरचे लग्न पाच-सहा रोलांत बसे, ऐपतदार घरचे दहाच्या पुढे जाई, आणि ज्यांना हात आखडता घ्यावा लागे त्यांचे दोन रोलांत आटोपावे लागे. मजुरी वेगळी दाखवण्याची गरज आम्हाला कधी पडली नाही, कारण ती रोलच्या भावात मुरलेली होती आणि गिऱ्हाइकाचीही त्याबद्दल तक्रार नव्हती.

दोन रोलांचे लग्न काढणे हे दहा रोलांच्या लग्नापेक्षा अवघड असे. रोल नीट चढवला तर छत्तीसच्या जागी सदतीस-अडतीस फोटो निघत, आणि ते वरचे एक-दोन फोटो सप्तपदीसाठी राखून ठेवण्याची वडिलांची सवय होती. हळद, सीमांतपूजन, अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी, सूनमुख, पंगत, दोन्हीकडच्या मंडळींचे ग्रुप आणि पाठवणी हे सगळे सत्तर-बहात्तर फोटोंत बसवायचे, म्हणजे कोणाला किती फोटो द्यायचे हे मनात आधीच ठरलेले असावे लागे. एखादे हौशी काका दर पाच मिनिटांनी ‘आमचा एक घ्या हो’ म्हणत समोर उभे राहत, तेव्हा नुसता फ्लॅश उडवून त्यांचे समाधान करण्याचा रिवाज त्या काळातल्या बहुतेक फोटोग्राफरांना माहीत होता. अल्बम आल्यावर काका आपला फोटो शोधत राहत, आणि ‘तो लॅबमध्ये खराब झाला’ हे उत्तर तयार असे.

मोठ्या ऑर्डरचे रोल आम्ही कोल्हापूरच्या कलर लॅबकडे पाठवत असू. प्रत्येक डबीला चिठ्ठी चिकटवून, सगळ्या डब्या एका पुड्यात बांधून तो पुडा एसटीच्या पार्सलात दिला जाई, आणि लॅबवाल्याचा ‘पोहोचले’ असा फोन येईपर्यंत एका अख्ख्या घराचे लग्न रस्त्यावर असे. प्रिंटांबरोबर निगेटिव्ह परत येत. त्या सहा-सहाच्या पट्ट्यांत कापून, पाकिटावर वर्ष, तिथी आणि आडनाव लिहून कपाटात ठेवणे हे माझ्याकडे शाळेत असल्यापासून सोपवलेले काम होते. निगेटिव्ह स्टुडिओची, प्रिंट गिऱ्हाइकाची, असा न लिहिलेला करार होता. त्यामुळे पाच-सात वर्षांनी नवऱ्या मुलीची आत्या ‘त्या फोटोची मोठी कॉपी पाहिजे’ म्हणून यायची, आणि लग्नसराई नसलेल्या महिन्यांत अशा कॉप्यांवर दुकानाचे भाडे निघत असे.

डिजिटलने डार्करूम संपवली असे म्हटले जाते, पण आमच्याकडे तिचा निम्मा जीव रंगीत फोटोंनी आधीच काढून घेतला होता. वडिलांनी, म्हणजे आम्ही ज्यांना अण्णा म्हणत असू त्यांनी, स्टुडिओ कृष्णधवल फोटोंवर उभा केला होता. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या कारखान्याचा ‘इंदू’ छापाचा फिल्म-कागदाचा माल, मोठ्या निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने केलेले रीटचिंग, लाल दिव्याखाली ट्रेमध्ये हळूहळू उमटणारा चेहरा आणि हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनाचा, कपड्यांना बसणारा वास, हे सगळे त्यांच्या हातचे काम होते. रंगीत फोटो लोकांना हवेसे झाले तसे धुणे आणि प्रिंट काढणे लॅबकडे गेले, आणि अण्णांचा एनलार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर फोटो उमटवणारे यंत्र, पासपोर्ट फोटो व शाळेच्या दाखल्यावरचे फोटो यांपुरता उरला. म्हणजे मी धंद्यात पूर्ण वेळ उतरलो तेव्हा आम्ही फोटो ‘काढणारे’ होतो, ‘बनवणारे’ लॅबवाले होते. डिजिटल आल्यावर बनवण्याचे काम उलट पुन्हा आमच्याकडे आले, फक्त त्याचा मोबदला कोणी देईना.

डिजिटल कॅमेऱ्याचे नाव त्याआधी ऐकलेले होते, पण भाव आवाक्याबाहेरचा होता. निकॉनचा डी१ हा कॅमेरा १९९९ साली आला तेव्हा त्याची किंमत अमेरिकेत पाच हजार डॉलरांच्या आसपास होती, म्हणजे त्या वेळच्या दराने दोन लाख रुपयांच्या वर, आणि एवढे पैसे मोजून मिळणारे चित्र पावणेतीन मेगापिक्सेलचे. ज्यांना संध्याकाळच्या आत फोटो छापायला द्यायचा असतो त्या वर्तमानपत्रांचे गणित त्यात जुळत असेल. लग्नाच्या फोटोग्राफराचे जुळणे शक्य नव्हते. मग २००३ च्या ऑगस्टमध्ये कॅननने ३००डी हा सहा मेगापिक्सेलचा कॅमेरा लेन्ससह हजार डॉलरांच्या आत आणला आणि २००४ च्या जानेवारीत निकॉनने डी७० जाहीर केला, त्याचीही नुसत्या बॉडीची किंमत हजार डॉलरांच्या आतच होती. चार-साडेचार वर्षांत किंमत पाचव्या हिश्श्यावर आली होती आणि पिक्सेल दुपटीच्या वर गेले होते. त्याच जानेवारीत कोडॅकने अमेरिका, कॅनडा आणि पश्चिम युरोपात रोलचे कॅमेरे विकणे थांबवत असल्याचे सांगितले; भारत, चीन, पूर्व युरोप आणि लॅटिन अमेरिकेत मात्र विक्री चालू राहणार होती. आम्हाला रोल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याने ही बातमी दिलासा म्हणून सांगितली. मला तो दिलासा वाटला नाही. जिथे लोकांच्या हातात पैसा आहे तिथे जो माल खपेनासा झाला आहे, तो आपल्याकडे आणखी काही वर्षे खपवला जाणार, एवढाच त्याचा अर्थ होता.

कॅमेरा घ्यायचा ठरल्यावर पैशाचा प्रश्न पतसंस्थेत सुटला. दोन जामीनदार आणि तीन वर्षांचे हप्ते, अशा अटीवर कर्ज मिळाले. मुंबईला फोर्टात, बोरा बाजारच्या गल्लीत, कॅमेऱ्यांची दुकाने एकाला एक लागून आहेत आणि तिथे प्रत्येक कॅमेऱ्याचे दोन भाव सांगितले जातात, एक बिलाचा आणि एक बिनबिलाचा. दोहोंत बऱ्याच हजारांचे अंतर होते. अण्णा बिनबिलाच्या बाजूने झुकले होते, कारण त्यांच्या निकॉन एफएम२ ला इतक्या वर्षांत वॉरंटीची वेळ आलीच नव्हती. तो कॅमेरा संपूर्ण यांत्रिक होता आणि सेल संपले तरी फक्त उजेड मोजणारे मीटर बंद पडे, शटर चालूच राहत असे. मी बिलाचाच घेतला. ज्या यंत्राच्या आत काय आहे हे कराडमधल्या कोणत्याही कारागिराला उघडून पाहता येणार नव्हते, ते बिनबिलाचे घेणे मला धोक्याचे वाटले. डी७० लेन्ससह सत्तर हजारांच्या घरात पडला.

कॅमेऱ्याची किंमत ही खर्चाची सुरुवात आहे हे आठवडाभरात उघड झाले. एफएम२ च्या आमच्या जुन्या लेन्सा नव्या कॅमेऱ्यावर बसत होत्या, पण त्यांत चिप नसल्याने कॅमेऱ्याचे मीटर त्यांना ओळखत नव्हते आणि सगळे अंदाजाने लावावे लागे. फिल्मच्या जागी चित्र टिपणारा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्याने अठ्ठावीस मिलिमीटरची लेन्स बेचाळीससारखी दिसू लागली, म्हणजे चौकटीत कमी मावू लागले. घरच्या देवघरासमोर पाठ भिंतीला टेकवूनही दहा माणसांचा ग्रुप चौकटीत मावेना. त्यामुळे कॅमेऱ्याबरोबर आलेल्या लेन्सवरच सगळी भिस्त राहिली. जुन्या फ्लॅशची गोष्ट तर वेगळीच. जुन्या फ्लॅशगनच्या तारेतून येणारा विजेचा दाब डिजिटल कॅमेऱ्याचे सर्किट जाळू शकतो असे दुकानदाराने बजावले होते, म्हणून शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आमचे दोन्ही फ्लॅश मल्टिमीटरवर तपासले. त्याने फ्लॅश चार्ज होऊ दिला, फ्लॅशच्या पायाच्या मधल्या टोकाला आणि कडेला मीटरच्या तारा लावल्या, आणि काटा दोनशे व्होल्टच्या पुढे सरकलेला पाहून ‘दादा, हा रोलच्याच कॅमेऱ्याला ठेवा’ असे सांगून फ्लॅश माझ्या हातात परत दिला. नवा फ्लॅश घ्यावा लागला. मेमरी कार्डे दोन घेतली, २५६ एमबीची. चांगल्या प्रतीचे सत्तरच्या थोडे वर फोटो एका कार्डावर बसत, म्हणजे एक कार्ड दोन रोलांच्या बरोबरीचे होते आणि त्याची किंमत मात्र रोलांच्या खोक्याइतकी होती. शिवाय भरलेले कार्ड मोकळे करायला संगणक लागे, तो कार्यालयात नेणार कसा? त्यामुळे पहिल्या हंगामात मी कार्ड भरेपर्यंत डिजिटल आणि पुढे रोल, असा दोन्ही गळ्यात अडकवून फिरलो.

या दुहेरी हंगामातच दोन्हींतला खरा फरक हाताला कळला. रंगीत निगेटिव्ह जास्तीचा उजेड सहन करते. फ्लॅश थोडा जोरात पडला तरी प्रिंट काढताना लॅबवाला ते सांभाळून घेई, आणि आमच्या कितीतरी चुका तिथेच झाकल्या जात. डिजिटलमध्ये पांढरे एकदा जळले की त्यातून काही परत निघत नाही. पहिल्या लग्नाचे फोटो संगणकावर मोठे करून पाहिले तेव्हा नवरीच्या कपाळावरच्या मुंडावळ्यांचे मोती वेगवेगळे दिसतच नव्हते, दोन्ही कानशिलांवरून खाली आलेला एकच पांढरा पट्टा होता. त्याच वेळी एफएम२ वर काढलेल्या फोटोत मोत्यामोत्यामधला दोरासुद्धा ओळखू येत होता. लाल शालूचा पोतही असाच सपाट व्हायचा. मग फ्लॅश दाबून मारायला शिकलो, थोडा अंधारा फोटो काढून नंतर संगणकावर उजळ करायला शिकलो. व्हिडिओ शूटिंगवाल्याच्या हॅलोजनचा पिवळा प्रकाश आणि माझ्या फ्लॅशचा पांढरा प्रकाश एकाच चेहऱ्यावर अर्धाअर्धा पडला की काय करायचे, हा प्रश्न आतापर्यंत लॅबवाल्याचा होता. तोही माझ्याकडे आला. सगळी लॅब माझ्या डोक्यावर येऊन बसली, आणि तरीही शेवटी प्रिंट काढायला मला त्याच लॅबकडे जावे लागत होते, कारण तिथल्या नव्या डिजिटल यंत्रातही फोटो लेसरने त्याच रासायनिक कागदावर उमटवले जात होते.

कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्याने मांडवातली वागणूक बदलली. रोलच्या काळात कोणाचे डोळे मिटले हे अल्बम येईपर्यंत कोणाला कळत नसे, आणि तोवर सगळे आपापल्या गावी गेलेले असत. आता प्रत्येक फोटोनंतर चार-पाच जण माझ्या खांद्यावरून वाकून पाहू लागले. ‘माझी मान वाकडी आली’, ‘वहिनींच्या मागे तो कोण उभा आहे त्याला काढा’, ‘पुन्हा एकदा’. एका लग्नात कन्यादानाचे पाणी वधूपित्याच्या ओंजळीतून पुन्हा सोडायला लावले, तेव्हा गुरुजी चिडून म्हणाले, ‘अहो, कन्यादान एकदाच होतं.’ त्यांचे बरोबर होते. पण पुन्हा काढायला काही लागत नाही हे एकदा लोकांना समजल्यावर त्यांना थोपवणे कोणाच्याच हातात राहिले नाही, माझ्याही नाही. एका लग्नाचे दोनशे फोटो व्हायचे ते दीड वर्षात हजाराच्या पुढे गेले.

आणि इथेच भावाचा घोळ सुरू झाला. पुढच्या लग्नसराईआधी एक गृहस्थ आपल्या धाकट्या मुलीच्या लग्नाची ऑर्डर द्यायला आले. थोरलीचे लग्न आम्हीच रोलवर काढले होते, त्यामुळे त्यांना आमचा जुना भाव पाठ होता.

‘आता कॉम्प्युटरवरच काढता ना?’ त्यांनी विचारले.

‘हो.’

‘म्हणजे रोल लागत नाही.’

‘नाही लागत.’

‘धुवायलाही लागत नाही. आणि फोटो आम्ही निवडू तेवढेच छापायचे.’ त्यांनी बोटांवर मोजले. ‘मग उरले काय? पैसे कशाचे घेता?’

अण्णा कोपऱ्यातल्या खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, ‘साहेब, रोलच्या वेळीही रोलचे पैसे फार नव्हतेच.’ गृहस्थांना ते पटले नाही आणि पटण्याचे कारणही नव्हते, कारण आम्हीच त्यांना वर्षानुवर्षे रोल मोजून पैसे सांगत आलो होतो. दुधाचे माप काढून घेतल्यावर रतीब घालणाऱ्याने दूध कशावर विकावे, तशी आमची गत झाली होती. कॅमेरा स्वस्त झाला, रोल गेला, म्हणून फोटोही स्वस्त व्हायला हवा, हे गिऱ्हाइकाचे म्हणणे वरवर पाहता चुकीचे नव्हतेच. प्रत्यक्षात आमचा खर्च कमी झाला नव्हता. तो दुसरीकडे गेला होता, आणि जिथे गेला होता तिथे तो कोणाला दिसत नव्हता.

तो गेला होता रात्रींत. हजार फोटोंतून तीनशे निवडायचे, एकेकाचा रंग बसवायचा, मग अल्बमची पाने जुळवायची. त्या सुमाराला ‘करिझ्मा’ या नावाने ओळखले जाणारे, फोटो थेट पानावर छापून पुस्तकासारखे बांधलेले अल्बम आले होते, आणि काळ्या पानावर कॉर्नर लावून, मध्ये बटर पेपर घालून केलेले अल्बम एकाएकी जुनाट दिसू लागले. या नव्या अल्बमसाठी तयार नक्षीच्या पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या, फाइलींच्या डीव्हीडी विकत मिळत, त्यांत स्वित्झर्लंडचे डोंगर, गुलाबाच्या पाकळ्या, राजवाड्यांच्या कमानी असे सगळे असे. नवरा-नवरीला कापून त्या डोंगरांवर बसवायचे, आणि खाली श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या अक्षरांत ‘शुभविवाह’ लिहायचे. मला तो प्रकार कधी आवडला नाही. पण रोलच्या काळात नवरीच्या तळहातावर नवरदेव उभा करणारे फोटो अण्णाही काढतच होते, तेव्हा मला नाक मुरडण्याचा हक्क फारसा नव्हता. त्यातच ती वर्षे भारनियमनाची होती. दिवसा कित्येक तास वीज नसे, मध्येच गेली तर न साठवलेले पान गेले, म्हणून इन्व्हर्टर आणि त्याच्या बॅटऱ्या आल्या. एडिटिंगला मुलगा ठेवला, त्याचा पगार आला. कॅमेऱ्याच्या घसरत्या किमतीच्या जाहिराती वर्तमानपत्रात येत होत्या, पण संगणक, मॉनिटर, इन्व्हर्टर आणि रात्रीचे तास यांची बेरीज त्यांत कुठेच नव्हती.

शेवटी आम्ही भावाचे माप बदलले. रोल सोडून दिवसाचा भाव ठेवला आणि अल्बमचा भाव पानांवर लावला. पहिल्या वर्षी काही ऑर्डरी हातच्या गेल्या, कारण नुकताच कॅमेरा घेतलेली मुले ‘सगळे फोटो सीडीत टाकून देतो’ एवढ्यावर, आमच्या निम्म्याहून कमी पैशांत लग्न काढू लागली होती. सीडी दिली की पुढची कॉपी कायमची गेली, हे त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. आमच्या लक्षात होते, पण गिऱ्हाईक सीडी मागतच होते, तेव्हा आम्हालाही ती द्यावी लागली. लग्नसराई नसलेल्या महिन्यांचे भाडे काढून देणारे निगेटिव्हचे कपाट त्या दिवसापासून वाढायचे थांबले.

कॅमेऱ्याच्या किमतीचे पडणे बाहेरून पाहणाऱ्याला सुखाचे वाटते. हप्ते भरणाऱ्याला ते वेगळे दिसते. २००६ साली निकॉनचा डी८० आला, दहा मेगापिक्सेलचा, आणि त्याची अमेरिकेतली किंमत डी७० जितकीच ठेवलेली होती. त्याच वर्षाच्या शेवटी डी४० आला, तोही सहा मेगापिक्सेलचा, आणि तो लेन्ससह सहाशे डॉलरांना मिळू लागला. माझा डी७० विकायला काढला तर किती येतील याची चौकशी केली, तेव्हा सांगितलेला आकडा पतसंस्थेच्या उरलेल्या हप्त्यांपेक्षा कमी होता. अण्णांनी एफएम२ एकदा घेतला आणि त्यावर दोन मुलांची शिक्षणे केली. त्या कॅमेऱ्याच्या आत नवे काही यायचे झाले तर ते नव्या रोलच्या रूपाने यायचे, कॅमेरा तोच राहायचा. आता फिल्म कॅमेऱ्यातच कायमची बसवल्यासारखी झाली होती, आणि चांगली फिल्म हवी असेल तर कॅमेराच बदलावा लागत होता. २००८ च्या डी९० मध्ये तर व्हिडिओही आला, आणि मग व्हिडिओ शूटिंगवाल्याचे पोट आणि आमचे पोट एकाच यंत्राच्या मागे लागले. तेव्हापासून मी दर तीन-चार वर्षांनी कॅमेरा बदलण्याचे पैसे बाजूला काढून ठेवतो आणि दिवसाच्या भावात ते धरतो. अण्णांना हा घसारा शेवटपर्यंत पटला नाही.

याच काळात खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे घराघरांत आले. सुरुवातीला त्यांनी आमचा धंदा वाढवला. दिवाळीनंतर आणि शाळांच्या गॅदरिंगनंतर लोक कार्ड घेऊन येत आणि चार बाय सहाचे प्रिंट काढून नेत. त्या कॅमेऱ्यांची चौकट चारास तीनची आणि प्रिंटचा कागद तीनास दोनचा, त्यामुळे वरखाली कापावे लागे, आणि सर्वांत उंच माणसाचे डोके अथवा सर्वांत पुढच्या पोराचे पाय जात. ‘फोटोत तर पूर्ण दिसतंय’ म्हणून भांडणे होत, मग आम्ही दोन्ही बाजूंना पांढरी पट्टी सोडून पूर्ण चौकट छापायला लागलो. हा बहर टिकला नाही. फोन आले आणि फोटो छापण्याची गरजच लोकांना वाटेनाशी झाली. जगभरात डिजिटल कॅमेऱ्यांची विक्री २०१० साली बारा कोटींच्या वर होती, ती २०२० पर्यंत एक कोटीच्याही खाली आली. म्हणजे ज्याने रोलला बाजूला सारले त्यालाही पुरती पंधरा-वीस वर्षे मिळाली नाहीत.

रोलचे संपणे आमच्याकडे मालाच्या तुटवड्याच्या रूपाने आले. २००५ मध्ये आग्फाफोटो या रोल बनवणाऱ्या कंपनीचे दिवाळे निघाले. २००६ च्या जानेवारीत निकॉनने आपले बहुतेक रोलचे कॅमेरे बंद केले आणि त्याच महिन्यात कोनिका मिनोल्टाने कॅमेरे व फिल्म हा सगळा व्यवसायच सोडला. कोनिकाचा रोल आमच्या भागात बराच चाले. व्यापाऱ्याकडे शिल्लक असलेला माल मुदत उलटत आलेला असे, त्याचे रंग फिके येत, आणि हिरवट झाक असलेल्या चेहऱ्यांचे स्पष्टीकरण देत बसण्यापेक्षा रोल नकोच, असे आम्हीच म्हणू लागलो. वापरलेल्या हायपोतली चांदी काढण्यासाठी तो विकत घेणारा माणूस ठरावीक दिवसांनी यायचा, त्याच्या फेऱ्या विरळ होत गेल्या. डार्करूमची आम्ही एडिटिंगची खोली केली. मोरी तशीच ठेवली, तिच्यावर फळी टाकून प्रिंटर बसवला आहे.

अण्णांनी डिजिटल कॅमेरा हातात घेतला तो पासपोर्ट फोटोंसाठी. पेन्सिलीने निगेटिव्हवर रीटचिंग करणाऱ्या माणसाला संगणकावर डाग काढण्याचे काम सोपे जाईल असा माझा समज होता, पण त्यांना माझ्या कामाचाच राग यायचा. ‘डाग काढायचा सोडून चेहराच पुसलास,’ असे ते म्हणत. त्यांच्या रीटचिंगमध्ये डोळ्याखालची छाया हलकी होई, नाहीशी होत नसे. आता अर्जंट फोटोपेक्षा वेगळेच काम जास्त येते. आधार कार्डाचा फोटो नोंदणी केंद्रावरच निघतो, पासपोर्टचाही सेवा केंद्रातच काढतात. आमच्याकडे येतात ती स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरणारी मुले, ज्यांना फोटो पन्नास केबीच्या आत आणि सही वीस केबीच्या आत हवी असते. कॅमेरा चोवीस मेगापिक्सेलचा, आणि काम पन्नास केबीचे.

निगेटिव्हच्या कपाटाचे काय करायचे हा प्रश्न बराच काळ पडून होता. तो २०१९ च्या ऑगस्टमध्ये आपोआप सुटला. कृष्णेच्या महापुरात सांगली, पलूस, वाळवा या भागांतल्या हजारो घरांत पाणी शिरले. आमच्याकडे ज्या मुलींची लग्ने काढली होती त्यांतल्या कितीतरी त्याच बाजूला दिलेल्या. पाणी ओसरल्यावर त्यांच्या माहेरची माणसे स्टुडिओत येऊ लागली. अल्बम चिखलात गेला होता, पाने एकमेकांना चिकटली होती, सोडवायला गेले की चेहऱ्यावरचा रंग समोरच्या पानावर निघून येत होता. ज्यांची लग्ने २००४ च्या आधीची होती त्यांना वर्ष आणि तिथी विचारली की कपाटातून पाकीट निघत होते. काहींवर बुरशीच्या रेषा होत्या, काहींचे रंग उतरले होते, पण स्कॅनरवर ठेवल्यावर फोटो मिळाले. २००५ नंतरच्या लग्नांचे मात्र नशिबावर होते. सीडी आणि डीव्हीडी पुरात गेल्या होत्या, आणि आमच्याकडच्या जुन्या हार्ड डिस्कांतल्या काही चालू झाल्या, काही नुसत्याच टकटक करत राहिल्या. एका बाईंच्या थोरल्या बहिणीचे १९९८ सालचे लग्न मी त्यांना पूर्ण छापून दिले. त्यांच्या स्वतःच्या २००७ सालच्या लग्नाचे बाराशे फोटो होते, त्यांतला एकही माझ्याकडे निघाला नाही. त्यांच्या फोनवर कोणीतरी पाठवलेला, अल्बमच्या पानाचा मोबाइलने काढलेला एक फोटो होता, त्यावरून जमेल तेवढे करून दिले.

त्या पावसाळ्यानंतर पावतीच्या मागच्या बाजूला आम्ही एक अट छापली आहे. फोटोंच्या मूळ फाइली स्टुडिओ दोन वेगळ्या डिस्कांवर दोन वर्षे विनामूल्य ठेवील, त्यानंतर हव्या असल्यास दरवर्षी ठरलेली रक्कम भरावी लागेल. पैसे कशाचे, असे अजूनही विचारतात. डिस्क दाखवली की बहुतेक जण भरतात.